राजा गेल्यावरची राजधानी

अनघा,

तुझ्यासाठी लोक जमले होते त्या दिवशी आपल्याच हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून सगळे खाली बसले होते. पाटणकर काका माझ्या शेजारी होते. त्यांनी हळूच विचारलं, "अनघा त्या सिरियावर काहीतरी करत होती ना?" तू असतीस तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाली असतीस, "काका, सिरिया नाही, असिरिया. आताच्या उत्तर इराकमध्ये, मोसुलच्या आसपास." आणि मग काकांची सुटका नव्हती. मी नुसतं "हो" म्हणालो. दुरुस्त करायला गेलो असतो तर पुढचंही सांगावं लागलं असतं. तुझी सहा वर्षांची मेहनत माझ्या एका "हो"मुळे चुकीच्या देशात जाऊन पडली. म्हणून हे लिहितोय. निदान तुझ्यापाशी तरी मला सगळं नीट सांगू दे.

आपण अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आलो तेव्हा ईरा जेमतेम बोलायला लागली होती. माझी नोकरी डेटा सेंटरमध्ये, वीज आणि कूलिंगचं काम. तू पुण्यात आर्किटेक्ट, स्वतःच्या सहीनं नकाशे देणारी. इथे माझ्या व्हिसावर आलेली बायको, जिला पगारी काम करायला कायद्यानंच बंदी. तू रडलीबिडली नाहीस. पहिल्याच आठवड्यात टेप घेऊन टाउनहाउसच्या सगळ्या खोल्या मोजल्यास आणि म्हणालीस, "जिना चुकीच्या भिंतीला आहे." मी म्हटलं, भाड्याचं घर आहे, असू दे. तू म्हणालीस, "भाड्याचं आहे म्हणून चूक बरोबर होते का?"

मग एका शनिवारी, कुणीतरी सांगितलं म्हणून, आपण तासाभरावरच्या एका जुन्या धर्मशिक्षणाच्या कॉलेजात गेलो. तिथल्या हॉलमध्ये माणसापेक्षा उंच अशा दगडी शिळा उभ्या होत्या. पंख असलेला दाढीवाला पुरुष, एका हातात छोटी बादली, दंडांवर कडी, आणि त्याच्या पोटावरून आडव्या गेलेल्या बाणाच्या टोकांसारख्या अक्षरांच्या ओळी. काल्हू नावाच्या राजधानीतल्या महालाच्या भिंती अशा शिळांनी मढवल्या होत्या. हल्ली त्या जागेला निमरूद म्हणतात. ईरा स्ट्रोलरमध्ये झोपली होती. मी पंख बघत होतो. तू टेबलामागच्या बाईंना विचारलंस, "ही शिळा कुठल्या भिंतीवर होती?"

"राजाच्या महालात," त्या म्हणाल्या.

"हो, पण कुठल्या भिंतीवर? दारातून आत शिरलं की डावीकडे, का उजवीकडे?"

त्या बाई ओशाळून हसल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

त्यांनीच मग सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी मिशनरी लोकांनी या शिळा इकडे धाडल्या. उंटाच्या पाठीवर लादता याव्यात म्हणून त्यांची मागची जाडी करवतीनं उतरवली, आणि शिळांचे तुकडे केले.  येताना गाडीत, टोल भरून झाल्यावर तू म्हणालीस, "भिंत कापली रे त्यांनी."

"पण जपली तरी ना," मी म्हणालो. "तिथे काय राहिलं असतं?"

"दगड जपला. भिंत मेली."

हा वाद आपण किती वेळा घातला असेल. दर वेळी माझ्याकडे नवा पुरावा असायचा आणि तुझ्याकडे तेच एक वाक्य. अजूनही मला वाटतं की माझंच बरोबर होतं. आता ते कुणाला सांगायचं?

त्या शनिवारनंतर तू लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागलीस, मग नदीपलीकडच्या विद्यापीठात एका वर्गाला जाऊन बसायला लागलीस, आणि वर्षभरात तिथे रीतसर प्रवेशच घेतलास. या व्हिसावर शिकता येतं, कमावता येत नाही. तू म्हणालीस, "मग शिकते." तुझ्या सरांनी प्रबंधाचा विषय विचारला तेव्हा तू काल्हू सांगितलं नाहीस, असिरियाची ती दुसरी प्रसिद्ध राजधानी निनवेही नाही. तू दूर-शर्रुकीन सांगितलंस. मला ते नाव धड उच्चारता येईना, तर म्हणालीस, "सारगोनचा किल्ला. झालं?"

त्या शहराची गोष्ट तू मला रूट सेव्हनच्या ट्रॅफिकमध्ये सांगितलीस. सारगोन राजानं जुनी राजधानी सोडून मोकळ्या जमिनीवर नवं शहर उठवायला घेतलं. भिंतीचे भाग वेगवेगळ्या प्रांतांच्या सुभेदारांना वाटून दिले. कुणाकडे लाकूड कमी, कुणाकडे विटांसाठी पेंढा कमी, कुणाची माणसं पळून गेलेली. त्या सुभेदारांच्या रडकथा अजून मातीच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. माणसाचं डोकं असलेले पंखांचे प्रचंड बैल एकेका दगडातून कोरून दारांशी उभे केले. आणि शहर भरण्यासाठी जिंकलेल्या मुलखांतून माणसं उचलून आणली. शेवटी राजा तिथे राहायला गेला, आणि पुढच्याच वर्षी लढाईत मारला गेला. त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. मुलाला ती जागा अशुभ वाटली. त्यानं राजधानी निनवेला नेली.

"म्हणजे गो-लाइव्ह झाल्यावर प्रोजेक्ट कॅन्सल," मी म्हणालो.

तू हसलीस. मग एकदम चिडलीस. "ते तुमचं डेटा सेंटर नाहीये. तिथे माणसं आणून ठेवली होती."

तेव्हा आमच्या डेटा सेंटरचीही अवस्था काही वेगळी नव्हती. डॉटकॉम बुडालं होतं. ज्यांच्यासाठी हॉल बांधले त्या कंपन्या हॉल उघडायच्या आधीच बंद पडत होत्या. फुटबॉलच्या मैदानाएवढ्या खोल्यांमध्ये एसी सुरू, दिवे सुरू, आणि आत एकही मशीन नाही. मी रोज त्यातून फेरी मारून यायचो आणि नोकरी गेली तर व्हिसा जाईल या भीतीनं घरी काही बोलायचो नाही. तुला ते कळत होतं. एकदा तू ईराला घेऊन मला न्यायला आलीस, काचेतून तो रिकामा हॉल बघत राहिलीस, आणि गाडीत फक्त एवढंच म्हणालीस, "आपण परत गेलो तरी चालेल मला." मी म्हणालो, "बघू." आपलं लग्न या "बघू"वर बरंच चाललं.

तुला तिथे जायचं होतं. उभं राहून दार मोजायचं होतं. सरांच्या ओळखीनं मोसुलच्या पुराणवस्तू खात्यातल्या नहरीनशी तुझी ईमेल सुरू झाली. तीही आर्किटेक्ट, तुझ्याच वयाची, तिलाही एक मुलगी. ती तुला खोरसाबादच्या दारांची मापं पाठवायची. सारगोनच्या शहराच्या जागी आता खोरसाबाद नावाचं गाव आहे. तू तिला ईराचे फोटो पाठवायचीस. तिनं लिहिलं होतं, वसंतात ये, तेव्हा टेकाड हिरवं असतं. आपण तारखा बघायला लागलो. पण तेवढ्यात माझ्या ग्रीन कार्डाचं काम सुरू झालं होतं आणि वकील म्हणाले की सध्या देशाबाहेर जाऊ नका, इराकला तर नाहीच. परत आत घेतील याची खात्री देता येत नाही. तू त्यांना विचारलंस, "पुढच्या वर्षी?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी हरकत नसावी."

पुढच्या वर्षी युद्ध सुरू झालं.

तू टीव्ही उभ्यानं बघायचीस. ईरा तुझा कुर्ता ओढून म्हणायची, "आई, सिट डाउन ना." बगदादचं म्युझियम लुटल्याच्या बातम्या आल्या, मग मोसुलच्या म्युझियमच्या. माझ्या ऑफिसातले लोक लंचला त्याच युद्धाबद्दल बोलायचे, पण ते रणगाड्यांबद्दल. तू घरात येरझारा घालायचीस आणि फोन उचलून परत ठेवायचीस. कुणाला फोन करणार होतीस? या देशात आपण पाहुणे, त्या देशात आपण कुणीच नाही.

मग नहरीनची ईमेल आली. ती, तिची मुलगी, सगळे ठीक. पण ऑफिसातले नकाशे गेले होते. जुन्या उत्खननाचे छापील नकाशे तरी कुठून मिळतील का, एवढंच तिनं विचारलं होतं. कुरिअरवाले मोसुलचं नाव ऐकूनच नाही म्हणाले. तेव्हा तू विद्यापीठाच्या लायब्ररीतून ते अजस्र ग्रंथ घरी आणलेस, डायनिंग टेबलावर स्कॅनर मांडलास, आणि एकेक पान तुकड्या-तुकड्यांत स्कॅन करून पाठवायला लागलीस. तिच्याकडे वीज आणि इंटरनेट असेल तेव्हा एक पान उतरायचं. ती उत्तर द्यायची: "मिळालं. पुढचं." कित्येक महिने आपण सगळे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून जेवलो. मला त्याचा वैताग यायचा आणि अभिमानही वाटायचा. वैताग बोलून दाखवला. दुसरं राहून गेलं.

उत्तरं हळूहळू कमी झाली. मोसुलमध्ये स्फोट, अपहरणं. शेवटची ईमेल दोन ओळींची होती: आम्ही शहर सोडतोय, पोचलो की लिहीन. तू तरीही नकाशे पाठवत राहिलीस. मग मेलबॉक्स भरल्याचा मेसेज यायला लागला आणि तू स्कॅनर उचलून कपाटात ठेवलास. तिचं काय झालं असेल यावर तू माझ्यापाशी एक शब्द बोलली नाहीस, आणि मी विचारलं नाही. मी विचारावं असं तुला वाटत होतं का?

तुझं पोट दुखायला लागलं तेव्हा तुला वाटलं बाहेरचं खाणं. मग फुगायला लागलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, स्क्रीनकडे बघत ओव्हरीचं सांगत होत्या, आणि तू त्यांना विचारलंस, "साइझ काय आहे?" सेंटिमीटर ऐकून तू बोटांनी हवेत तेवढं अंतर धरलंस. मला ते बघवेना. ऑपरेशन झालं, केमो झाली, मधे चार महिने असे गेले की आपण पुण्याची तिकिटंसुद्धा बघितली. मग परत आलं.

केमोनं तुझ्या बोटांची टोकं बधिर झाली. की-बोर्डवर कुठलं बटण दाबलं ते तुला कळेना. तेव्हा तू सांगायचीस आणि मी टाइप करायचो. सारगोनच्या मुलाचं नाव सेन्नाखेरिब. त्याचं स्पेलिंग मी दर वेळी नवं लिहायचो. एकदा तू वैतागून म्हणालीस, "अरे, निदान एकाच पानावर तरी एकच माणूस राहू दे त्याला." दोघंही हसलो, आणि हसताना तुझ्या टाक्यांत कळ आली.

तुझ्या आई तोवर पुण्याहून आल्या होत्या. त्यांना तुझं ते बोलत राहणं सोसत नसे. पेज घेऊन यायच्या आणि पलंगाशी उभ्या राहायच्या. "त्या राजाचं काय एवढं घेऊन बसलीयेस? झोप की जरा."

"राजाचं नाही गं आई. राजा गेला. मागे राहिले त्यांचं."

तुझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग तोच होता. कुठून कुठून उचलून आणलेली ती माणसं. राजा मेला, दरबार निनवेला गेला, मग त्यांनी काय केलं? पुरावा जवळजवळ नाही. तिथे नंतरही सुभेदार नेमले जात होते, एवढं दिसतं. तुला लिहायचं होतं, "आपल्याला माहीत नाही." तुझ्या सरांना त्याहून काहीतरी ठाम हवं होतं. मलाही. मी म्हणालो, "लिहून टाक ना, निनवेला गेले म्हणून. रिकाम्या शहरात कोण राहील?"

"का नाही राहणार? मुलं तिथलीच झाली असतील तोवर."

"पण त्यांना आवडत नसेल तर?"

"आवडण्याचा काय संबंध," तू म्हणालीस, आणि डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "तुला शेवट हवाय म्हणून तू त्यांना हलवतोयस."

मी लॅपटॉप बंद केला. आपण तेव्हा फक्त त्या माणसांबद्दलच बोलत नव्हतो, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. ईराला घेऊन मी इथेच राहायचं की पुण्याला जायचं, हे आपण शेवटपर्यंत बोललो नाही. दोघांनीही विषयाला हात लावला नाही. लावला असता तर तू जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या हॉस्पिसच्या नर्स घरी येऊ लागल्या त्या आठवड्यात तू म्हणालीस, "मला एकदा त्या शिळा बघायच्यात." तुझ्या आईंनी नको म्हटलं, नर्सनी हो म्हटलं. व्हीलचेअर, उशा, उलटी झाली तर पिशव्या, सगळं घेऊन आपण चौघं निघालो. पोचलो तर हॉलचं काम काढलेलं. फरशी उखडलेली, आणि धूळ लागू नये म्हणून शिळांभोवती प्लायवूडचे खोके ठोकलेले. टेबलामागे आता एक वेगळाच माणूस होता. मी त्याला काय काय सांगितलं ते मला आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं. तो बिचारा परत परत म्हणत होता, आय अ‍ॅम सो सॉरी. त्याच्या हातात काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

तू माझी बाही धरलीस. "असू दे. मला समोर ने."

मी खुर्ची प्लायवूडसमोर उभी केली. ईरा पुढे जाऊन फळीला कान लावून उभी राहिली. तुझ्या आई पदरानं तोंड पुसत होत्या. तू बराच वेळ त्या पिवळ्या फळ्यांकडे बघत होतीस, जणू दिसतंय. मग म्हणालीस, "आत आहेत ना, मग झालं." घरी येईपर्यंत तू झोपलीस. मी गाडी चालवताना रडलो आणि तुझ्या आईंनी मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हात ठेवला. ईरानं विचारलं, "बाबा, आर वी लॉस्ट?" मी म्हटलं, "नाही, रस्ता माहितीये."

तू गेलीस तेव्हा दुपार होती. गॅसवर खिमट होतं. तुझ्या आईंनी मला हाक मारली नाही, त्या नुसत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं स्कूलबस यायची होती. मी स्टॉपवर गेलो. ईरा उतरली, तिच्या हातात शाळेत केलेलं मातीचं काहीतरी होतं, अजून ओलं, आणि ती ते मोडू नये म्हणून हळूहळू चालत होती. मी तिला घाई केली नाही. घरापर्यंत आम्ही तसेच हळूहळू आलो.

तुझ्या सरांचा फोन आला होता. तुझी झालेली प्रकरणं विभागात ठेवतील म्हणाले. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलं. "ती बरोबर होती," म्हणाले. "आपल्याला माहीत नाही, हेच खरं आहे." मी थँक यू म्हटलं. हे वाक्य तुला जिवंतपणी ऐकायला मिळालं असतं तर, असं मनात आलं, आणि मग त्यांचाही राग धरवेना. ते फोनवर रडत होते.

तुझ्या आईंच्या व्हिसाची मुदत संपली. एकदा वाढवून झाली होती, आता आणखी मिळाली नाही. डलेस विमानतळावर त्या ईराला सोडेनात. मला म्हणाल्या, "हिला घेऊन या पुण्याला. मी आहे अजून." मी म्हणालो, "बघू, आई." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तुझ्यासारख्याच बघतात. मग सिक्युरिटीच्या रांगेत गेल्या आणि त्यांची पांढरी साडी लोकांमधे बराच वेळ दिसत राहिली.

काल सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. मी डबा भरला. ईरा दात घासून आली, हातात कंगवा आणि दोन रबरबँड. तिच्या वेण्या आधी तू घातल्यास, मग आजीनं. तिनं विचारलं, "बाबा, डू यू नो हाउ?"

"नाही."

"इट्स इझी. फर्स्ट, थ्री पार्ट्स."

ती खुर्चीवर बसली, मी मागे उभा राहिलो. तिचे केस थेट तुझ्यासारखे, कुरळे आणि बोटांतून निसटणारे. ती समोरच्या भिंतीकडे बघत मला सांगत होती, आता हा भाग वरून, आता तो, टाइट धर, नॉट सो टाइट. एक वेणी कशीबशी झाली. दुसरी घालता घालता बसचा आवाज आला. मी घाईत टोक बांधलं. तिनं आरशात पाहिलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, आणि दप्तर उचललं.

मी दारात उभा राहिलो. ती पळत गेली, बसच्या पायऱ्या चढली, आत कुणाशी तरी बोलायलाही लागली. तेवढ्यात तिची डावी वेणी सुटली, मला काचेतून दिसलं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी हात वर केला, पण बस निघाली होती.